शाफ्ट अजून ठरला नाही

हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं ते एवढंच, की मेहुण्याला नाही म्हणायचं नाही. फक्त हो म्हणायला जरा वेळ घ्यायचा. ऑफिसात ते तीस वर्षं हेच करत आले होते आणि त्याबद्दल त्यांना दोनदा बढतीही मिळाली होती.

प्रसंग तसा साधा होता. बायकोचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. नुकताच त्याने याच गावात दवाखाना थाटला होता आणि पहिल्या रविवारी बहिणीकडे जेवायला आला होता. जेवता जेवता सहज म्हणाला, "दाजी, मीही तुमच्या क्लबाचा मेंबर झालो. ताई म्हणते, पूल खेळण्यात तुमचा हात धरणारा तिथे कोणी नाही. येत्या शनिवारी एक गेम होऊन जाऊ दे."

हेडक्लार्कांच्या घशात घास अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. ते कौतुक पाहूनच त्यांना दुसरा ठसका लागला.

कारण खरी गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. गेली अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी दोनला हेडक्लार्क खांद्याला लांबट पिशवी अडकवून 'प्रॅक्टिसला' जात आणि सातला परत येत. या प्रॅक्टिसपायी त्यांना शनिवारची सगळी कामं माफ होती. तीन पंखे पुसणं, गॅलरीतली तुंबलेली मोरी काढणं, आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी घेऊन जाणं, हे सारं बायको करायची. (ती स्वतः आठवडाभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकायची. शनिवारी तिलाही सुट्टीच असायची, पण हा मुद्दा हेडक्लार्कांनी कधी विचारार्थ घेतला नव्हता.) मोबदला म्हणून ते संध्याकाळी घरी बातमी आणत. आज वकिलाला लोळवला. आज केमिस्टला घाम फोडला.

प्रत्यक्षात त्या क्लबात कोणी खेळतच नसे. लाँड्रीच्या वरची एक खोली, त्यात एक टेबल आणि टेबलाभोवती अकरा खुर्च्या. यावरूनच काय ते समजावं. टेबलावर चहाचे कप असत, वर्तमानपत्र असे आणि मधोमध एखादी क्यू, म्हणजे पुलाचे चेंडू ढकलायची लांब काठी, शवविच्छेदनाला ठेवल्यासारखी. तिच्याभोवती वाद चाले. क्यूचा पुढचा अर्धा भाग म्हणजे शाफ्ट. तो लाकडाचा असावा की कार्बनचा? वकील लाकडाच्या बाजूचे. लाकूड हाताशी बोलतं, असं ते म्हणत. केमिस्ट कार्बनच्या बाजूचा. खालच्या लाँड्रीच्या वाफेने लाकूड वाकतं, कार्बनला वाफ शिवत नाही, हा त्याचा दावा. मग शाफ्टच्या टोकावरची चामड्याची टोपी. ती चपटी असावी, लहान नाण्याच्या कडेइतकी गोल असावी, की मोठ्या नाण्याच्या? (नमुन्याची दोन नाणी कमिटीच्या कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली हेडक्लार्कांकडे होती.) या सगळ्याची एक फाइलसुद्धा होती. हेडक्लार्कांनीच ती उघडली होती आणि आता ती दोन दोऱ्यांनी बांधावी लागे. वकिलाला त्यांनी लोळवला होता तो याच फाइलीत, पान एकशे चौदावर.

तेव्हा मेहुण्याच्या आमंत्रणावर हेडक्लार्कांनी पाणी पिऊन, तोंड पुसून अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "खेळू की. पण शाफ्ट अजून ठरला नाही."

मेहुणा बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं, असेल काही मोठ्या खेळाडूंचं. पहिला शनिवार टळला. दुसऱ्या शनिवारी शाफ्ट ठरला (लाकडाचा, कारण हेडक्लार्कांकडे दुसरा नव्हताच), पण त्यावर केमिस्टची हरकत नोंदवणं बाकी राहिलं. तिसऱ्या शनिवारी टोकाच्या गोलाईचा प्रश्न निघाला. असं आरामात पुढे ढकलणं चाललं होतं.

चौथ्या आठवड्यात मात्र बायको पंखा पुसून स्टुलावरून उतरली ती कंबर धरूनच. फडकं बादलीत टाकत ती म्हणाली, "अहो, अकरा वर्षं हे स्टूल मी चढते आहे. या शनिवारी मी आणि आई तुमचा खेळ बघायला येतोय. जिंकलात तर तुमच्या प्रॅक्टिसबद्दल मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. हरलात, तर शनिवारची दुपार घराची."

हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी दोन ते सात, वर्षाचे बावन्न शनिवार, चहा, खुर्ची आणि ऐकून घेणारी दहा माणसं. या जगात त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं तेवढीच होती. ते सगळं एका खेळावर आलं होतं, आणि खेळ तेवढा त्यांना येत नव्हता.

"टोक अजून..." त्यांनी सुरुवात केली.

"टोकाचं माझ्या भावाशी बोलणं झालंय," बायको म्हणाली. "तो करून देतो म्हणालाय."

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर हेडक्लार्क क्यू घेऊन दवाखान्यात गेले. बाहेर गाल धरून बसलेल्या चार पेशंटांनी ती लांब पिशवी पाहिली आणि त्यातला एक निमूट उठून घरी गेला. मेहुण्याने क्यू खुर्चीवर आडवी केली, वरचा दिवा टोकावर आणला आणि बारीक मशीन हातात घेऊन विचारलं, "किती गोल करू, दाजी?"

हा प्रश्न हेडक्लार्कांना विचारायला नको होता. त्यांनी आधी मोठ्या नाण्याइतकी गोलाई सांगितली. मशीन घूं घूं करत फिरलं. मग त्यांनी पूर्वीच्या सूचनेत अंशतः बदल करून लहान नाण्याइतकी सांगितली. मग डावीकडून जरा जास्त गेल्यासारखं वाटलं म्हणून उजवीकडून, आणि उजवीकडून जास्त झालं म्हणून पुन्हा डावीकडून. बाहेर बसलेले पेशंट डोळे विस्फारून ऐकत होते. आतल्या माणसावर अर्धा तास मशीन चालतंय आणि बेट्याने एकदाही हूं की चूं केलेलं नाही.

शेवटी मेहुण्याने मशीन थांबवलं. "दाजी, संपलं."

"काम?"

"चामडं."

टोकावर कागदाइतकासुद्धा थर उरला नव्हता. हेडक्लार्कांना क्षणभर आनंद झाला. टोकच नाही म्हणजे खेळच नाही, आता नवं चामडं मागवणं आलं, त्याचे नमुने आले, कमिटीची बैठक आली. पण मेहुणा हाडाचा कामसू. त्याने त्यांच्याच पिशवीतून जादा टोपी शोधून काढली आणि दातावर कॅप बसवायचं सिमेंट लावून ती बसवून टाकली. ते सिमेंट चामड्यात मुरलं आणि वाळलं. हेडक्लार्कांनी टोकावर नखाने टकटक केलं, तर दाढेवर केल्यासारखा आवाज आला. मेहुणा अभिमानाने म्हणाला, "वीस वर्षं हलणार नाही. फक्त आज रात्री या बाजूने काही चावू नका." हे तो सवयीने म्हणाला होता.

शनिवारी क्लबात खळबळ उडाली. टेबलावरचे कप उचलले तेव्हा खाली हिरवं कापड आहे हे काही मेंबरांना प्रथमच कळलं. चेंडू मांडायच्या त्रिकोणी चौकटीत कॅलेंडर लावलेलं होतं, ते काढलं. सात नंबरचा चेंडू दाराला अडसर म्हणून लावलेला सापडला. वकील नियमांची पुस्तिका घेऊन बसले. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बायको आणि आई स्थानापन्न झाल्या. आईने पाय लांब केला, गुडघा चोळला आणि विचारलं, "अकरा वर्षं हेच का रे ते टेबल?"

हेडक्लार्कांनी खडू लावला. टोकावर तो बसेना, काचेवर लावल्यासारखा घसरत होता. त्यांनी क्यू मागे ओढली, एक डोळा मिटला, मग दोन्ही मिटले आणि फटका मारला. टोक पांढऱ्या चेंडूवरून सटकलं. चेंडू आडवा गेला, टेबलावरून उडाला आणि केमिस्टच्या मांडीत विसावला. बायकोने हळूच विचारलं, "हे मुद्दाम असतं का?"

"टोक कडक आहे," हेडक्लार्क म्हणाले.

दुसऱ्या फटक्यानंतर ते म्हणाले, "शाफ्ट कार्बनचा असता तर." तिसऱ्यानंतर लाँड्रीच्या वाफेवर बोलले. मधल्या काळात मेहुणा आपल्या वाट्याचे सात चेंडू मुकाट्याने एकेक करून भोकात घालत होता. त्याच्या हातात क्लबातली सर्वांत जुनी क्यू होती, जिने आजवर खिडकी उघडायचंच काम केलं होतं. हेडक्लार्कांचा एकच चेंडू गेला, तोही दुसऱ्यालाच मारताना. पण आता त्यांना भीती वाटत नव्हती. पराभवाची कारणं मनातल्या मनात मुद्देसूद तयार झाली होती: एक, टोक; दोन, शाफ्ट; तीन, वाफ. यावर फेरविचाराचा अर्ज आरामात टाकता येईल आणि तो निकाली निघेपर्यंत शनिवार चालूच राहतील. ऑफिसात त्यांनी असे अर्ज नऊ नऊ वर्षं भिजत ठेवलेले होते. ते चक्क शीळ घालू लागले.

मेहुण्याचा एकच चेंडू उरला होता. त्यानंतर आठ नंबरचा काळा घालायचा की खेळ खलास. काळा आधी घातला तर घालणारा हरतो, हा नियम वकिलांनी दुपारपासून तीनदा वाचून दाखवला होता. मेहुणा वाकला. मग त्याने मान वर करून खुर्च्यांकडे पाहिलं, पुन्हा वाकला, आणि आपला चेंडू सोडून काळा चेंडू अगदी अलगद, दुधाचा दात काढावा तसा, भोकात घातला.

वकिलांनी चष्मा लावून नियम चौथ्यांदा वाचला आणि जाहीर केलं, की हेडक्लार्क जिंकले. अकरा वर्षांत क्लबात कोणीतरी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. केमिस्टने त्यांना मिठी मारली. लाकडाचा विजय झाला म्हणून वकिलांनी डोळे पुसले.

घरी परतताना हेडक्लार्कांचे पाय जमिनीला लागत नव्हते. जिना चढता चढता त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "मग? प्रॅक्टिसबद्दल एक शब्द काढणार नाही म्हणाली होतीस."

"नाहीच काढणार," बायको म्हणाली. "काढायचं कारणच उरलं नाही. माझा भाऊ कॉलेजात असताना तीन वर्षं चँपियन होता. त्याला हरवणाऱ्या माणसाला प्रॅक्टिस कशाला लागते? सराव कच्च्या माणसांनी करायचा."

हेडक्लार्क पायरीवर थांबले. त्यांनी या वाक्यात फट शोधली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना फट सापडली नाही असा कागद आला नव्हता. हा पहिला. मी कच्चाच आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण खालच्या मजल्यावरचे शेजारी अभिनंदनासाठी दार उघडून उभे होते.

मागून आई कठडा धरून चढत होती. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तिने दिसलं ते सांगून टाकलं. "तुझा मेहुणा गुणी आहे हो. सूनबाईने डोळ्याने खुणावलं, की लगेच त्याने काळा चेंडू घातला."

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे पर्समधून किल्ली काढत होती.

"पण मी हरलो असतो तरी शनिवार तुझाच होता," ते म्हणाले.

"हरला असतात तर शाफ्टवर ढकललं असतं. मग नवा शाफ्ट ठरेपर्यंत मी स्टुलावरच." तिने दार उघडलं. "तुम्ही शीळ घालायला लागलात, तेव्हाच ओळखलं मी."

पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता हेडक्लार्क स्टुलावर उभे होते. आई व्यायामाला जायची म्हणून चपला घालून तयार बसली होती आणि बायको खुर्चीत पाय वर घेऊन चहा पीत होती. पंख्याच्या पात्याच्या पलीकडच्या कडेला त्यांचा हात पोचत नव्हता. बायकोने पिशवीतली क्यू काढून त्यांच्या हातात दिली, आणि एक ओलं फडकं.

"टोकाला गोल बांधा. चपटं बांधलंत तर सटकेल."

हेडक्लार्कांनी गोल बांधलं. अकरा वर्षांत टोकाचा प्रश्न प्रथमच चर्चेविना मंजूर झाला.