फोन करा, गाडी दारात

सोमवारी सकाळी सव्वासातला रकानेसाहेबांच्या घरचा फोन वाजला, तेव्हा साहेब आंघोळीला गेले होते, बायको डबे भरत होती आणि सासूबाई चष्मा शोधत होत्या. फोन शोधायला चष्मा लागत नाही, म्हणून तो त्यांनीच उचलला. पलीकडे गिरणीच्या गावची एक बाई होती. तिला दहा वाजता दवाखान्यात पोचायचं होतं, आणि गाडी कुठवर आली असं ती विचारत होती. चुकीचा नंबर लागलाय, असं सांगून सासूबाईंनी फोन ठेवला. लगेच दुसरा आला, पुलापलीकडच्या वस्तीवरून. त्यालाही गाडीच हवी होती. तिसऱ्याला मात्र त्या म्हणाल्या, "थांबा, लिहून घेते." साहेब डोकं पुसत बाहेर आले तोवर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सात नावं, सात गावं आणि सात वेळा सुवाच्य अक्षरात उतरल्या होत्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमची गाडी साडेनऊला टेकडीखालून निघाली, तर यातले चौघं एका फेरीत बसतात. ड्रायव्हरला तसं कळवून टाका."

रकाने हे काही साहेबांचं आडनाव नव्हतं. कुठल्याही फॉर्मचा एकही रकाना रिकामा सोडणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून जिल्हा परिवहन कार्यालयात त्यांना हे नाव पडलं होतं आणि हळूहळू पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चालू लागलं होतं. आताचा घोळही त्या सवयीतूनच झाला होता. माहितीपत्रकं छापायला देताना फॉर्मवर 'संपर्क क्रमांक' असा एक रकाना होता. ऑफिसचा नवा फोन अजून बसायचा होता, म्हणून तिथे त्यांनी 'अद्याप मिळालेला नाही' असं लिहिलं. त्याखाली 'पर्यायी क्रमांक' असा दुसरा रकाना होता. तो रिकामा कसा ठेवायचा? तिथे घरचा नंबर गेला. छापखान्याने दोन्ही ओळी वाचल्या आणि त्यातली छापण्याजोगी होती ती छापली. 'फोन करा, गाडी दारात' अशी ठळक ओळ, आणि तिच्याखाली रकानेसाहेबांच्या दिवाणखान्यातला फोन. एकूण चार हजार प्रती, एक्केचाळीस गावांत घरोघर वाटून झालेल्या.

ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की घरी फोन कोण उचलतं. सासूबाई उचलतात, असं कळल्यावर ते म्हणाले, मग आठ आठवडे उचलू देत. परत छापायचं म्हणजे परत मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत प्रयोगच संपलेला असेल.

हा प्रयोग म्हणजे रकानेसाहेबांच्या आयुष्यातली एकुलती एक कल्पना होती. जिल्ह्याच्या त्या टोकाला गावं लहान आणि लांबलांब. मोठी बस रिकामी धावते म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. तेव्हापासून तिकडची माणसं दुधाच्या गाडीत नाहीतर ओळखीच्या ट्रॅक्टरवर बसून तालुक्याला येत, आणि ओळख नसेल तर येतच नसत. साहेबांनी सुचवलं होतं की ठरलेल्या वेळी रिकामी बस फिरवण्यापेक्षा चौदा जणांची छोटी गाडी ठेवावी. ज्याला जायचं त्याने फोन करावा, आणि गाडी त्याच्या दारात यावी. आठ आठवड्यांत चारशे ऐंशी प्रवासी झाले तर गाडी कायमची. नाही झाले तर गाडी परत, आणि साहेबही परत आपल्या जुन्या विभागात, जिथे त्यांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्यांची नोंदवही बारा वर्षं लिहिली होती.

पहिल्या आठवड्यात चौऱ्याऐंशी प्रवासी झाले. साहेब घरी येताना चक्क शीळ घालत आले.

सासूबाई एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाल्या होत्या. त्या भागातलं कुठलं गाव कुठल्या वळणावर आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. माणसं तर त्या अक्षरावरून ओळखायच्या. फोनवर अक्षर दिसत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: कशाला जायचंय?

टेकडीवरच्या आजोबांना घड्याळ दुरुस्तीला न्यायचं होतं.

"त्या घड्याळवाल्याचं दुकान गुरुवारी बंद असतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि जायचंय घड्याळाला, तुम्हाला नाही. गुडघे दुखतात ना तुमचे? ड्रायव्हरकडे द्या. शनिवारी परत येईल."

घड्याळ गेलं आणि शनिवारी चालू होऊन परत आलं. ही बातमी एक्केचाळीस गावांत पसरायला माहितीपत्रक लागलं नाही. मग कुणाचा तपासणीचा रिपोर्ट, कुणाचा चष्मा, कुणाच्या टाच निघालेल्या चपला. गिरणीच्या गावातले दोन सख्खे भाऊ सामाईक भिंतीवरून वकिलाकडे वेगवेगळ्या दिवशी जागा धरायचे. सासूबाईंनी आधी धाकट्याचं ऐकून घेतलं, मग थोरल्याचं. मग पुन्हा धाकट्याला फोन लावला, आणि भिंत आहे तिथेच ठेवून फक्त दार सरकवायचं असं ठरवून टाकलं. दोघांच्या मिळून सहा फेऱ्या त्या दिवशी रद्द झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात प्रवासी अठ्ठेचाळीस झाले, पाचव्यात चोवीस. साहेबांनी ड्रायव्हरला गाठलं.

"गाडी भरलेली असते हो," ड्रायव्हर म्हणाला. "माणसं नसतात, एवढंच. काल खिडकीजवळ शिलाई मशीन होतं. फोनवरच्या बाईंनी बजावलं होतं, मागे ठेवलं की हलतं म्हणून. चाळीस किलोमीटर मी त्याच्याशीच बोलत होतो."

"ते नोंदीत कसं दाखवलंस?"

"तुम्हीच सांगा कसं दाखवू. मशीनला रकाना कुठाय?"

रकाना खरंच नव्हता. फॉर्म साहेबांनीच आखला होता, आणि त्यात प्रवाशाचं वय, लिंग, गाव, चढण्याची जागा, उतरण्याची जागा आणि प्रवासाचं कारण एवढं सगळं होतं. यातलं वय तेवढं शिलाई मशीनला लागू पडत होतं. साहेबांनी घरी येऊन बायकोला बाजूला घेतलं आणि तुझ्या आईला जरा समजावून सांग, असं म्हणाले.

"काय समजावू? लोकांची कामं करू नकोस म्हणून?"

"तसं नाही. पण लोकांनी प्रवास केला पाहिजे."

"हे वाक्य तुम्हीच आईसमोर म्हणून बघा," बायको म्हणाली. "सासू तुमची आहे."

जावयाने सासूला काय सांगावं याला मर्यादा असतात, आणि त्यातून सासू बिनपगारी काम करत असेल तर त्या फारच वाढतात. साहेबांनी आणखी दोन आठवडे त्या मर्यादा पाळल्या. सातव्या आठवड्याच्या शनिवारी बेरीज दोनशे चौऱ्याण्णव झाली. त्या संध्याकाळी साहेब खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसले, घसा खाकरला, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई, लोकांना जाऊ द्या ना."

"कुठे?"

"जिथे जायचंय तिथे."

"त्यांना जायचं नसतं हो जावईबापू. त्यांना काम व्हायला हवं असतं."

साहेबांनी या योजनेवर चाळीस पानी अहवाल लिहिला होता. त्यातलं पहिलं वाक्यच 'लोकांना जायचं असतं' असं होतं. मग त्यांनी सरळ सगळं सांगून टाकलं. आणखी एकशे शहाऐंशी माणसं, हातात सहा दिवस. नाहीतर गाडी बंद. मग घड्याळही जाणार नाही आणि रिपोर्टही येणार नाही. छत्र्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण सासूबाईंना ते दिसलं असावं.

"हे आधी नाही का सांगायचं?" त्या एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सातपासून त्यांनी उलटं काम सुरू केलं. ज्यांना ज्यांना घरी बसवलं होतं, त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला आणि तुम्ही स्वतः तालुक्याला जाऊन या, असं सांगायला लागल्या. पण लोकांचा त्यांच्यावर भलताच विश्वास बसला होता. आजोबा म्हणाले, घड्याळ छान चालतंय, तुम्हीच म्हणालात गुडघे जपा. भाऊ म्हणाले, वकिलाकडे जाऊन आता सांगायचं काय? त्यांनी हवापालट सांगितला, बाजार सांगितला, माणसाने अधूनमधून चार तोंडं बघावीत हेही सांगितलं. दिवसभरात त्र्याहत्तर फोन झाले, प्रवासी तयार झाले सहा, आणि संध्याकाळी सातला सासूबाईंनी 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि आठवडाभर एक अक्षरही बोलायचं नाही, असं बजावलं. मंगळवारी रकानेसाहेबांनी रजा टाकली आणि स्वतः फोनपाशी बसले. समोर नवा कोरा फॉर्म होता. मनातून त्यांनी छत्र्यांच्या नोंदवहीलाही नमस्कार करून ठेवला होता.

पहिला फोन शिलाई मशीनवालीचा आला.

"आज बाई नाहीत का?"

"आहेत. घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. तुम्ही बोला, कुठे जायचंय?"

मग ती म्हणाली, "उद्याच्या गाडीत माझी एक जागा धरा. तुमच्याकडेच उतरेन."

"आमच्याकडे कशाला?"

"कशाला म्हणजे? बाईंना बघायला."

साहेबांनी 'उतरण्याची जागा' या रकान्यात आपला पत्ता लिहिला. दुसरा फोन आजोबांचा. गुडघ्यांचं बघून घेईन, म्हणाले, पण आज दुपारीच जागा पाहिजे. तिसरा भावांपैकी थोरल्याचा, त्याला दोन जागा हव्या होत्या, शेजारीशेजारी. दुपारपर्यंत ड्रायव्हरला दुसरी फेरी करावी लागली, बुधवारी तिसरी. गाडी रकानेसाहेबांच्या फाटकासमोर थांबायची, बारा-चौदा माणसं उतरायची आणि तासाभराने तीच परत चढायची. येणं एक आणि जाणं एक, अशा दोन नोंदी पडायच्या. 'प्रवासाचं कारण' या रकान्यात साहेब आधी 'आजारी व्यक्तीची भेट' असं नीट लिहीत होते. गुरुवारपासून हात दुखायला लागला, तेव्हा नुसतं 'घसा' लिहू लागले.

सासूबाई खिडकीजवळ मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर उत्तर देत होत्या. येणारा प्रत्येक जण घशावरचा आपला रामबाण उपाय घेऊन येई, तो समोर ठेवी, आणि आलोच आहोत तर एक विचारायचं होतं, असं म्हणून खुर्ची पुढे ओढी. घरातले कप संपले तेव्हा बायकोने शेजाऱ्यांचे आणले. शनिवारी संध्याकाळी बेरीज पाचशे बावीस झाली.

मोठ्या साहेबांनी ते आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"या आठवड्यात जवळजवळ सगळी माणसं एकाच घरासमोर उतरलीत. हे घर कुणाचं?"

"माझं," रकानेसाहेब म्हणाले.

निर्णय होईपर्यंत गाडी चालूच राहणार होती. सोमवारी मोठे साहेब स्वतःच, कोण आहेत ते न सांगता, टेकडीखाली जाऊन त्या गाडीत बसले. तुम्हाला कुणी जायला सांगितलं का, पैसे दिले का, असं त्यांनी शेजाऱ्याला आडून विचारून पाहिलं. शेजाऱ्याने त्यांना आपली काढ्याची बरणी धरायला दिली, कारण गाडी हलते, आणि तुम्ही मोकळेच बसलाय, असं म्हणाला. ती बरणी सांभाळत मोठे साहेब सासूबाईंसमोर जाऊन बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघून चिठ्ठी लिहिली: 'खुर्ची पुढे घ्या, मागच्यांना जागा होत नाही.' त्यांनी खुर्ची पुढे घेतली. बाहेर पडताना ते रकानेसाहेबांना एवढंच म्हणाले की, लोक प्रवास करताहेत, आणि तो कशासाठी करावा हे ठरवणं आपल्या खात्याकडे येत नाही.

महिन्याभरात हुकूम निघाला. गाडी कायम झाली, शिवाय आणखी एक मिळाली. ऑफिसात नवा फोन बसला, त्यावर दोन प्रशिक्षित मुली बसल्या आणि रकानेसाहेब विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी नवी माहितीपत्रकं स्वतः छापखान्यात उभं राहून छापून घेतली. त्या मुली कुणाला काही विचारत नसत. गाव आणि वेळ लिहून घेत आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवत. घरचा फोन हळूहळू गप्प झाला. कुणी चुकून केलाच, तर सासूबाई मोकळ्या झालेल्या आवाजात सांगत, "मी आता गाड्यांचं बघत नाही. काही काम असेल तर येऊन भेटा."

नवी व्यवस्था रुळल्यावर एका सोमवारी संध्याकाळी रकानेसाहेब सहाला पंचवीस मिनिटं कमी असताना घराच्या कोपऱ्यावर आले आणि थबकले. त्यांच्या फाटकाला लागून एक नवाकोरा पिवळा खांब रोवला होता. त्यावर पाटी होती: 'थांबा'. खात्याच्या सर्वेक्षण विभागाने त्यांचेच फॉर्म तपासले होते, सर्वांत जास्त चढउतार कुठे होते ते 'उतरण्याची जागा' या रकान्यात पाहिलं होतं, आणि नियमाप्रमाणे तिथे खांब लावला होता. रकाने एवढे चोख भरलेले होते की, कुणाला काही विचारायची वेळच आली नव्हती.

आतून सासूबाईंचा आवाज येत होता. दारापासून पायऱ्यांवरून फाटकापर्यंत माणसं उभी होती. साहेब कडेकडेने पुढे जाऊ लागले, तसा सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या बाईने हात आडवा केला.

"काका, रांग आहे."

"मी इथे राहतो."

"राहत असाल. पण माझ्यापुढे पाच जण आहेत, आणि मला सव्वासहाच्या गाडीने परत जायचंय."

रकानेसाहेबांनी घड्याळात पाहिलं, बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि तिच्या मागे उभे राहिले. थोड्या वेळाने रांग सरकली, आणि त्यांना आपल्या घराची पहिली पायरी मिळाली.