बन्सीतात्यांची बेटं

बन्सीतात्या टँकरला बोट म्हणायचे आणि बोटीला हौद. नव्या माणसाची यात फार पंचाईत व्हायची. "बोट आली का?" असं तात्यांनी विचारलं की पाहुणा आधी त्यांच्याकडे बघायचा, मग उजाड माळाकडे आणि शेवटी माझ्याकडे. मी नुसती मान डोलवायचो. मी त्यांचा शेजारी. गावात माझी पिठाची गिरणी होती आणि तात्यांच्या मच्छिमार सहकारी संस्थेचा मी सेक्रेटरी होतो. त्या पदासाठी माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडे लुना होती.

हो, मच्छिमार संस्था. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटाच्या अलीकडे. एका वर्षी पाऊस असा झाला की गावचा पाझर तलाव काठोकाठ भरला आणि सरकारी माणसं येऊन म्हणाली, संस्था काढा, मासे पाळा. तात्या माळकरी. मासा शिजत असेल त्या गल्लीतून ते जायचेही नाहीत. लोकांनी त्यांना चेअरमन केलं ते याच कारणानं. चेअरमननंच मासे खाऊन टाकले अशी बोंब तरी उठणार नव्हती.

मग सगळ्या नव्या चेअरमन मंडळींना कोकणात प्रशिक्षणाला नेलं. बाकीचे येताना काजू आणि कोकम घेऊन आले. तात्या एक भाषण घेऊन आले. कुणा वक्त्यानं तिथे दूरच्या समुद्रातल्या चिमुकल्या बेटांची हकिगत सांगितली होती. तात्यांच्या डोक्यात ती कायमची बसली.

"मी कोकणात गेलतो तवा ऐकलं," ते गिरणीत येऊन सांगायचे. "एका बेटावर बियाणं हाय, दुसऱ्यावर जाळी हाय, तिसऱ्यावर बोट हाय. एकट्यानं कुणाचंच भागंना. म्हून त्यांनी संघ केला. शेती सगळ्यांची, मासळी बी सगळ्यांची."

ते परत आले आणि पाऊस गेला तो गेलाच. तलाव आटला, तळाला भेगा पडल्या, त्यातून शेळ्या फिरू लागल्या. आता संस्था मोडीत काढावी असं मी म्हणालो. तात्यांच्या मते कामाला आता कुठे सुरुवात झाली होती.

"बेट म्हंजी काय, शेक्रेटरी? चारी बाजूनं अडकलेली जागा. तितं पाण्यानं अडकलेत, हितं आमी पाण्याबिगर अडकलोत."

"पण तात्या, आपल्याकडे एसटी येते."

"त्यांच्याकडं बी बोट येती की."

मी पुढचं दळण जोखायला घेतलं. संस्था चालूच राहिली.

चांगल्या वर्षी मंजूर झालेली संस्थेची बोट ऐन उन्हाळ्यात ट्रकमधून आली. निळीशार, नवी कोरी. बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं. ड्रायव्हरनं विचारलं, "पाणी कुठंय?" तात्या म्हणाले, "यील. तुमी उतरवा." ती त्यांच्या दारातल्या लिंबाखाली उतरवली. पाठोपाठ प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून माशांची पिल्लंही आली. मी म्हणालो, परत पाठवू. तात्यांनी टँकरच्या घागरी आणून बोटीत ओतल्या आणि पिल्लं त्यात सोडली.

गावात गदारोळ झाला. त्यात आवाज सगळ्यात मोठा शेवंताकाकूंचा. त्या तात्यांच्या समोरच्या घरात राहायच्या आणि टँकरपाशी त्यांचा दरारा होता.

"मानसाच्या घशाला कोरड, अन् ह्यांची मासळी पवायलीय," त्या भर रांगेत म्हणाल्या. "कावून करता हे, भावजी?"

"ते माज्या वाटणीचं पाणी हाय, वैनी. मी आंघूळ बंद केलीया."

"ते लांबूनच कळतंय."

एके दिवशी मत्स्य खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी बोटीला प्रदक्षिणा घातली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चेअरमन, बोट पाण्यात पाहिजे."

"पाणी बोटीत हाय, साहेब," तात्या शांतपणे म्हणाले. "दोन्ही एका जागी असली म्हंजी झालं."

साहेबांनी चहा घेतला. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्या घरी कुणी असतं का?" मी म्हणालो, बायको वारली, मुलगा परळीला थर्मलमध्ये आहे, पोळ्याला येतो. साहेबांनी मान हलवली आणि जीपमध्ये बसले.

ऊन वाढलं तसं बोटीतलं पाणी तापायला लागलं. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. काही मेले. तात्यांनी बोटीवर ओली पोती टाकली, दुपारभर छत्री धरून शेजारी बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं. शेवटी उठून मला म्हणाले, "शेक्रेटरी, लुना काढा. शेजारच्या बेटावर जायचंय."

ते बेट म्हणजे युसूफ वडगाव. तिथे गफूरभाई म्हणून दूधसंस्थेचे चेअरमन होते आणि त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं. तात्यांनी त्यांना बेटांची हकिगत पहिल्यापासून सांगितली. गफूरभाईंनी ती विडी विझेपर्यंत ऐकली.

"तात्या, मासे घेऊन मी करू काय?"

"खायाचे न्हाईत. सांभाळायचे."

"अन् मला काय?"

"बोट घ्या."

गफूरभाईंनी विडीचं थोटूक फेकलं. मग गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हशीला पाणी पाजायचा हौद फुटलाय माजा. आणा ती बोट. अन् माज्याकडं कडबा लई हाय, तुमी तो न्या."

हे सगळं खरंच झालं. मासे दुधाच्या कॅनमध्ये बसून दुधाच्या टेम्पोनं युसूफ वडगावच्या विहिरीत गेले. बोट ट्रॅक्टरवर चढून गेली आणि म्हशी तिच्यात तोंड घालून पाणी पिऊ लागल्या. कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आमच्या गावी आला. तात्यांनी तो जनावरं असलेल्या प्रत्येक दारात थोडा थोडा टाकला. शहाण्या लोकांना हसायचं होतं, पण गुरं खात होती.

शेवंताकाकूंनी आपल्या गाईपुढे पेंढी सोडली आणि मला म्हणाल्या, "कडबा बरा हाय. मानूस मात्र येडंच हाय."

पावसाळा कोरडाच गेला, दिवाळी झाली. दरवर्षीसारखी घरंच्या घरं ऊसतोडीला गेली. कारखान्याच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं चढली. मागे म्हातारी मंडळी राहिली. त्यातच टँकरच्या गर्दीत शेवंताकाकू पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा तोडीवरून आला, त्यानं ऑपरेशन करून आणलं. मग मुकादमाचा निरोप आला आणि तो परत गेला. पुतण्याची बायको दोन वेळची भाकरी आणून द्यायची. बाकी दिवसभर काकू बाजेवर, आढ्याकडे बघत. त्यांचा आवाज बंद झाला, तेव्हा गल्ली किती शांत आहे ते कळलं.

तात्यांनी मला संस्थेची सभा बोलवायला सांगितली. ठिकाण, शेवंताकाकूंची ओसरी.

"तात्या, आपल्याकडे मासे नाहीत, बोट नाही, तळं नाही. आणि काकू सभासद नाहीत."

"त्यांना संचालक म्हून घ्या."

गावात उरलेले म्हातारे आपापली भाकरी बांधून बाजेभोवती बसले. तात्यांनी पहिला ठराव मांडला, पुढच्या वर्षी तलावात कोणता मासा सोडायचा. काकू भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. अर्ध्यात त्या वळल्या.

"तळ्यात चिखल बी न्हाई, अन् मासा कोंचा सोडता?"

"विरोध नोंदवा, शेक्रेटरी," तात्या म्हणाले.

त्या दिवशी काकू सगळ्या ठरावांना विरोध करून अख्खी भाकरी जेवल्या. महिन्याची सभा आठवड्याची झाली, मग एक दिवसाआड. इतक्या सभा कायद्यात बसत नाहीत, असं मी म्हणालो. तात्या म्हणाले, "कायद्यानं कमीत कमी किती ते सांगितलंय. जास्तीत जास्त कुटं सांगितलंय?"

उन्हाळा लागला, कारखाने बंद झाले, माणसं परतली. काकू काठी टेकत चुलीपर्यंत जाऊ लागल्या. सून, नातवंडं, पाहुणे यांनी ओसरी भरून गेली. काकू म्हणाल्या, "भावजी, आता माज्या घरात पाय ठेवाया जागा न्हाई. सभा तुमच्या घरी न्या."

पुढची सभा तात्यांच्या घरी ठरली. मी गेलो तर त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंजी अंथरली होती. चुलीवर पातेलंभर चहा. माझ्याशिवाय कुणी आलं नाही. सगळ्यांचीच पोरं घरी आली होती. गणसंख्या नाही म्हणून मी सभा तहकूब केली. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो आणि आम्ही दोघांनीच ती पुन्हा भरवली. मागचं इतिवृत्त वाचलं, मंजूर झालं. एकही ठराव नव्हता. चहा पिऊन मी उठलो आणि चप्पल शोधू लागलो.

तात्यांनी सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"बसा की, शेक्रेटरी. ऐनवेळचे विषय ऱ्हायलेत."

मी परत बसलो. "कोणते?"

त्यांनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

"तेच आठवायलोय," ते म्हणाले.