व्यंकोबारावांचा प्रसन्न चेहरा

माणसाचं अर्धं आयुष्य नोकरीत जातं आणि उरलेलं ती सुटण्याची वाट पाहण्यात, याबद्दल तज्ज्ञांमध्ये आता मतभेद राहिलेला नाही. कुंभकोणमच्या एका खत कंपनीच्या कचेरीत व्यंकोबाराव वर्षानुवर्षं या सिद्धांताचा पुरावा म्हणून बसून होते. सकाळी ते मेलकावेरीतल्या घरातून निघाले, की शेजारची अलमेलु मामी हटकून विचारी, "घरांत कोणी आजारी कां?"

मात्र गावात कुणी वारलं, की व्यंकोबारावांच्या अंगात वारं शिरे. बर्फाची पेटी कुठून आणायची, आडुतुरैच्या भटजींना कुठल्या गाडीत बसवायचं, रुसलेल्या जावयाला कुठली खुर्ची द्यायची (दुसऱ्या रुसलेल्या जावयापासून लांबची), कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कॉफी केव्हा मागवायची (पहिला हुंदका ओसरल्यावर; आधी दिल्यास सांडते), सगळं चोख. मयताची ओळख असावी लागे असंही नाही. नसली तर बरंच, रडण्यात वेळ जात नसे.

चेन्नईत एका कंपनीत लोकांना नोकरीवर घेणारी त्यांची मुलगी हरिणी पोंगलच्या सणाला घरी आली. तिने बापाला समोर बसवलं.

"अप्पा, कुठलें काम करतांना तुम्हास थकवा येत नाहीं?"

व्यंकोबारावांनी बराच विचार केला. मग लाजून म्हणाले, "मयत."

"मग तोच धंदा करा, अप्पा."

"अय्यो!" त्यांच्या पत्नी गोमतीबाई हातातली कॉफी खाली ठेवत म्हणाल्या. "उद्यां गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक काय म्हणणार, अम्मा?" हरिणी म्हणाली.

हा मुद्दा बिनतोड असल्याने व्यंकोबारावांनी राजीनामा दिला आणि अंत्यविधी व्यवस्था सुरू केली. थेट तिरुविडैमरुदूरहून बोलावणी येऊ लागली. आवडतं काम मिळालेल्या माणसाचा चेहरा उजळतो असं म्हणतात. इथेच घात झाला.

गावातल्याच सुब्रह्मण्यचे वडील गेले, तेव्हा मांडव कलला होता, गाडी आली नव्हती आणि दोन आत्या एकमेकींशी भांडत होत्या. एवढं सगळं काम एकदम दिसल्यावर व्यंकोबाराव दारातच फुलले.

"मामा, तुम्हास हंसूं येतें?" सुब्रह्मण्यने विचारलं.

"हंसत नाहीं रे. तोंडच आतां असें झालें."

सुब्रह्मण्यने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. गावभर झालं. बोलावणी आटली. व्यंकोबारावांनी कडुनिंबाचा रस पिऊन पाहिला (तब्येत सुधारली, चेहरा आणखी टवटवीत झाला), दुःखी मालिका पाहिल्या (अंत्ययात्रेची व्यवस्था पाहून चुका काढत बसले). शेवटी गोमतीबाईंनीच, नवऱ्याला न सांगता, जुन्या साहेबांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी कसंबसं एक काम मिळालं होतं. व्यंकोबाराव त्या घराच्या पायरीवर, चेहऱ्याला आवर घालत उभे असताना फोन वाजला.

"तुमची खुर्ची अजून रिकामीच आहे," साहेब म्हणाले. "सोमवारी या."

व्यंकोबारावांचा चेहरा असा उतरला, की वारलेल्या गृहस्थांची विधवा स्वतः उठून आली आणि त्यांच्या हातात पाणी देऊन म्हणाली, "धीर धरा." सगळा मांडव हेलावला. असा सच्चा माणूस आजकाल मिळत नाही, यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांचं प्रथमच एकमत झालं.

तेव्हापासून व्यंकोबाराव कामाच्या दारात पोचले, की घरून गोमतीबाई फोन लावतात आणि साहेबांच्या आवाजात "सोमवारी या" म्हणून ठेवून देतात. असर बारा तास टिकतो. गोमतीबाईंनाही या कामात अलीकडे फार हुरूप वाटू लागला आहे.

धंदा वाढल्याने आता माणसं नेमायची आहेत. शिक्षणाची अट नाही. सध्या कुठेतरी कायम नोकरीत असलेल्यांना प्राधान्य, कारण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. इच्छुक वाचकांनी कामावर जाताना वाटेतच भेटून जावं. मुलाखतीसाठी रजा टाकू नये. रजेच्या दिवशी आपला चेहरा उपयोगाचा राहत नाही.