बीटला मार बसला

बायकोच्या अंगातलं रक्त मी माझ्या शेतात पिकवणार होतो! हसू नका. दैवशालाचं ऑपरेशन अडलं होतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. एक तर ते वाढवा, नाहीतर रक्त देणारी माणसं आणा." आता हा बद्रीनाथ कोणाच्या दारात रक्त मागायला जाईल काय? त्यात दुखणं बायकांचं, ते चारचौघांत सांगायचं तरी कसं? कुंभार पिंपळगावात मी कोणाला पत्ता लागू दिला नाही. गुपचूप विहिरीजवळ बीट लावलं.

त्या बीटाची राखण मी पोटच्या पोरांचीही केली नसेल अशी केली. खुरपं लागलं की गड्डा तिथूनच सडायला लागतो, म्हणून तण हाताने उपटलं. गड्डा उघडा पडला की लगेच मातीची भर. गारपिटीची बातमी आली तेव्हा सगळ्या वाफ्यांवर बांबू रोवून हिरवी जाळी बांधली. "आता आभाळातून दगड पडू द्या!" असं दैवशालाला सांगूनही टाकलं. ती बाजेवर पडल्या पडल्या "बरं" म्हणाली. हल्ली ती तेवढंच म्हणायची.

गारा पडल्या. जाळी झोळीसारखी भरली आणि बांबूंसकट बीटावरच बसली! गारांनी मारलं नसतं एवढं माझ्या बंदोबस्तानं मारलं. पानांच्या चिंध्या, गड्ड्यांची टाळकी फुटलेली, लाल रस चिखलात. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तशाच हातांनी मोबाइल काढला आणि शेती सल्ल्याच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "बीटला लई मार बसला हो! डोकं फुटलंय, लाल लाल गळून राह्यलंय. माझ्या विहिरीजवळ पडलंय. वाचवायचं कसं, जल्दी सांगा!"

पण मेसेज चुकून गेला गावच्या ग्रुपवर. आणि आमच्या गावात पोलीस जमादाराला कोणी नावाने ओळखत नाही. गाव त्यांच्या बीटात, म्हणजे गस्तीच्या हद्दीत येतं, म्हणून तेही 'बीट'. 'आज बीट आल्तं का?', 'बीटला चहा सांगा', असं सरळ चालतं.

मेसेज भलतीकडे गेल्याचं मला माहीतच नव्हतं. मी कात्रीने फाटकी पानं छाटत, बरी पानं ठेवत, उघड्या गड्ड्यांना माती लावत बसलो होतो. निम्मं पीक तरी वाचेल असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात बांधावर मोटारसायकली थांबल्या, पोरं थेट वाफ्यांत उतरली आणि माझा चुलतभाऊ भागवत ओरडला, "दादा, कुठंय बीट?"

"तुझ्या पायाखाली!"

तो घाबरून उडाला तो दुसऱ्या वाफ्यात!

"अरे, बीटवर पाय देऊ नका!"

"पण दिसून न्हाई राह्यलं कुठं! विहिरीत पडलं का?"

सगळी गर्दी वाफे तुडवत विहिरीकडे धावली. जखमीला न्यायला कोणीतरी ट्रॅक्टर आणला होता, त्याची चाकं उरल्यासुरल्या बीटावरून गेली. आणि सगळ्यांच्या मागून अंगदराव जमादार स्वतःच गाडीवरून आले. हेल्मेट काढून कडक आवाजात म्हणाले, "मला कोणी मारलं?"

कोणी हसलं नाही. भागवत माझ्यावर धावून आला. "मस्करी करता का, दादा? ही पोरं बीटला रक्त द्यायला निघाल्ती!"

मी चिखलात बसलो होतो, हातात एक चेपलेला गड्डा. तोंडातून निघूनच गेलं, "मस्करी न्हाई रे. हे बीट दैवशालासाठी होतं. तिच्या अंगात रक्त न्हाई. ऑपरेशन अडलंय. आता काय देऊ तिला?" आणि एवढा मोठा माणूस मी, सगळ्यांसमोर रडलो.

भागवत माझ्या शेजारी चिखलातच बसला. मग म्हणाला, "वहिनी एवढी बिमार, अन् आमाला गारा पडल्यावर कळतं व्हय?"

जमादारांनी हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. "वहिनींचा गट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह."

"माझाबी तोच. चला, बसा मागं. पोरांनो, तुमी या आमच्या मागून."

बीटाचा एक गड्डा हाती लागला नाही, पण ऑपरेशन नीट झालं. दैवशाला घरी आली. हळूहळू उठून बसायला लागली. एके दिवशी संध्याकाळी मी दारात चपला काढतोय तोच आतून आवाज आला, "कुठं गेल्तात? कोणासंगं? अन् इतका उशीर कशाला?"

ओट्यावर बसलेला भागवत म्हणाला, "जमादाराच्या रक्ताचा गुण, दादा!" गल्लीतले सगळे हसले. मीही मान हलवली.

खरं सांगू का? लग्न झाल्यापासून ती माझी अशीच चौकशी करते. मधले काही महिने तेवढा तिच्यात दम नव्हता.