जाळीची उघडी कड

कोटाला खिसा बसवणाऱ्या माणसाला गाडीला जाळी बसवता येणार नाही? टेलरमास्तरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "अगं, गाडी म्हणजे जरा जाड गिऱ्हाईक! माप घ्यायचं, कापायचं, बसवायचं!"

पुढची प्लास्टिकची जाळी तुटल्यापासून गाडीचं पार बोळकं झालं होतं आणि असल्या गाडीत बसून तळ्याकाठी फिरायला यायला बायकोनं साफ नकार दिला होता. मास्तरांचं तर तेवढं एकच स्वप्न होतं. काच खाली केलेली, तळ्यावरचा वारा, शेजारी ती, आणि दोघांनाही कुठे पोचायची घाई नाही. दुकानात ते या स्वप्नात असे बुडायचे, की परवा एका शर्टाला त्यांनी सात बटणं आणि आठ काजं केली.

रविवारी त्यांनी वर्तमानपत्राचा खाका कापला, खडूनं खुणा केल्या, ॲल्युमिनियमची जाळी कातरली आणि बारीक तारेनं आतून आवळून टाकली. नवी कवळी बसवल्यासारखी गाडी हसायला लागली!

बायको पायरीवर निळा स्वेटर विणत होती, खास या फेरीसाठी. शेवटचा टाका घातला आणि स्वेटर हातात घेऊनच ती जाळी बघायला वाकली.

"अहो, कडा उघड्याच? तारा टोचतायत की!"

"खालची कड कोण बघतंय?" तीस वर्षं दुसऱ्यांच्या शिलाईला नाक मुरडणारे मास्तर म्हणाले. "तू बस जरा. ट्रायल घेतल्याशिवाय मी काहीच देत नाही, गाडीसुद्धा नाही!"

ती पायरीवर जाऊन टेकली. स्वेटर मांडीवर, ऊन पाठीवर. तिचा डोळा लागला. लोकरीचं सुटं टोक मात्र जाळीच्या तारेतच अडकून राहिलं होतं.

मास्तर निघाले. तळ्याचं पाणी झोपेत असल्यासारखं हलत होतं. ते रिकाम्या सीटला विचारत होते, "गार वाटतंय का? काच वर घेऊ?" सायकलवाला पाय टेकून बघत राहिला! दोन बाया हात हलवून ओरडल्या, "मास्तर, अहो मागे बघा!" मास्तरांनी मान लववून दाद स्वीकारली. एका जाळीचं एवढं कौतुक! त्यांना अगदी भरून आलं. म्हणून त्यांनी तळ्याला आणखी एक चक्कर मारली.

घराच्या वळणावर त्यांना रस्ताभर निळी रेघ दिसली. ती दिव्याच्या खांबाला वळसा घालून थेट त्यांच्या पायरीवर चढली होती. बायको जागी झाली होती. तिच्या मांडीवर फक्त एक बाही उरली होती.

"दोन महिने खपले मी!" तिनं बाही त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी ती उलटसुलट करून बघितली. "बाही सुरेख आलीये," ते म्हणाले.

तिनं बाही त्यांच्या हातातून ओढून घेतली. मग बाहीकडे बघून पुटपुटली, "टोक आत ओवायचं मीही ठेवलंच होतं म्हणा. जा, लोकर गोळा करून आणा सगळी."

मास्तरांनी तळ्याला पायी दोन चकरा मारल्या. परत येऊन बघतात तर ती गाडीत बसलेली! शेजारच्या सीटवर! काच खाली! मास्तर लोकरीच्या भाऱ्यासकट घाईघाईनं स्टिअरिंगमागे बसले.

"हात पुढे करा," ती म्हणाली. "दोन्ही."

दोन्ही हातांवर लोकरीची लडी चढली आणि ती गुंडा करायला लागली. गाडी दारातच उभी होती. तळ्यावरून वारा येत होता.

"गार वाटतंय का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"स्वेटर असता," ती म्हणाली, "तर नसतं वाटलं."