घर झोपून पाहणारी वेणू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटलं काम म्हणजे सक्करदऱ्याले भाड्याची खोली पाहायले जाणं. रविवारची दुपार होती. घरमालकीण माई कुलूप काढून म्हणे, "ही खोली, हा ओटा, मागं मोरी." तिचं सांगून होईपर्यंत आमची वेणू फरशीवर आडवी झाली होती. पदर डोक्याखाली, डोळे मिटलेले.

माई घाबरली. "अवं बाई! चक्कर आली का? पाणी आणू?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "घर पाहून राहिली."

"डोळे मिटून?"

"हाव. उघडे ठेवले तर रंग दिसतो म्हणते, घर नाही दिसत."

वेणू माझी बायको. आम्ही जन्मभर भाड्यानं राहिलो, अन् दर घराले हा तमाशा झाला. लोक नळ फिरवून पाहतात, भिंत ठोकून पाहतात. ही भर दुपारी जायची अन् सरळ लवंडायची. मालकानं सकाळी बोलावलं तर म्हणे, "सकाळी तर सारेच घरं चांगले असतात." इतवारीत एका ठिकाणी ती चक्क घोरायले लागली. मालकाच्या बायकोनं शेजारणी गोळा केल्या. दारात ही गर्दी! मी मान खाली घालून उभा. वेणू उठली, केस सारखे केले अन् म्हणे, "मागच्या गल्लीत भांडे ठोकतात. नाही जमत."

दुसऱ्या एका मालकानं तर मले बाजूले घेऊन विचारलं, "भाऊ, खोली पाहिजे का दवाखाना?"

मी मिलमध्ये रातपाळीवर होतो. सकाळी घरी यायचो, दोन भाकरी खायचो अन् दिवसभर झोपायचो. शिक्षण नाही, डोकं जाड. मले वाटे हिची पाठ दुखत असन. पोरगी शाळेत जायले लागली तेव्हा कुठं उजेड पडला, का ही माझ्या वाटची झोप आधी स्वतः झोपून पाहते. विचारलं तर अंगावर आली. "तुमच्यासाठी कायले झोपू? मले झोप येते म्हणून झोपतो."

मालक लोक भाडेकरूले विचारतात, किती माणसं, काम काय. वेणू उलटी त्यांचीच हजेरी घ्यायची. "तुमच्या घरी मिरच्या कवा कुटता? पाहुणे लई येतात का? भांडणं सकाळी करता का दुपारी?" महालातला एक मालक साधा माणूस होता. खरं बोलला, म्हणे दुपारी. वेणूनं घर नाकारलं. आठवडाभरानं तो मले बाजारात भेटला. हात धरून म्हणे, "भाऊ, बायकोशी बोललो. आम्ही सकाळी भांडू. या राहायले!"

खरं सांगतो, आम्ही गेलो. अन् त्यानं शब्द पाळला. मी मिलमधून येईपर्यंत त्यांचं आटपलेलं असे.

घर सोडतानाही हिचं आपलं वेगळंच. सामान ठेल्यावर चढलं तरी ही उंबऱ्यावर बसलेली. नवी भाडेकरीण आल्याशिवाय उठायची नाही. ती आली का तिले हात धरून फिरवायची. ही फरशी हलते, या खिडकीतून बकरी तोंड घालते, समोरची म्हातारी तोंडाची फटकळ आहे पण ताप आला तर तीच धावते. ठेलेवाला बोंबलून राहिला, मी बोंबलून राहिलो, पण ही ढिम्म. "चाबी कोणी बी देते. घर दाखवून द्यावं लागते."

मी रिटायर झालो. मग आमच्या मालकाच्या पोराचं लग्न ठरलं अन् त्यानं खोली मागितली. आखाडाच्या आत सोडाची होती. मले वाटलं, आता मी रात्रीचा झोपतो, आता तरी ही उभ्यानं घर पाहीन. कायचं! पडायची ती पडायचीच, वरून एक नवीन खोड. घर पसंत पडलं का मले म्हणे, "अजी, जरा पान खाऊन या." मी पान खाऊन येतो तर घर नापसंत! नंदनवनची खोली अशी शांत का माशी फिरली तरी ऐकू यावी. पान चघळत आलो तर ही चप्पल घालून तयार.

"काहून वं? काय वाईट होतं?"

"माणसं बरे नाही."

"आता काय मालकाची कुंडली जुळवशीन?"

"जुळवीन. तुमचं काय जाते?"

माझं डोकं फिरून गेलं. महिना संपत आला, मालक रोज खाकरून जायचा, अन् ही मले गावभर पान चारत होती.

सक्करदऱ्याले माईनं आधीच बजावलं, "मी जोडप्यालेच खोली देतो. एकट्या बाप्याले नाही. मागचा एकटा होता, त्यानं स्टोव्ह पेटवता पेटवता पडदा जाळला." वेणू फरशीवरून उठली अन् मले म्हणे, "जरा पान खाऊन या." मी समजलो, हे बी गेलं. परत आलो तर दोघी ओट्यावर चहा पिऊन राहिल्या अन् चाबी वेणूच्या मुठीत!

रिक्षात तिचं बोलणं थांबत नव्हतं. बाज इथं, कुलर त्या खिडकीत, ओट्यावर तुळस. सामान न्यायले येशील का म्हणून रिक्षावाल्यालेच विचारलं. तो म्हणे, "मावशी, पोरीचं लग्न आहे का?" ती हसली, लई हसली. घरी येऊन भांड्याचं एक गाठोडं बांधूनच टाकलं.

सकाळी ती उठली नाही. याच्यावर मले जास्त बोलता येत नाही.

तेरवी झाली. पोरगी म्हणे, "बाबा, हिंगण्याले चला आमच्याकडे." सक्करदऱ्याची चाबी खिशात होती. एकट्या बाप्याले माई ठेवणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून चाबी द्यायले गेलो. सारं सांगितलं अन् चाबी ओट्यावर ठेवली.

माईनं हात लावला नाही. बराच वेळ डोळे पुसत होती. मग म्हणे, "तुम्ही पान खायले गेलते, तवा तिनं मले विचारलं, मी आधी गेली तर या माणसाले खोलीतून काढसान का? मी म्हटलं, बाई, भरल्या दुपारी असं काय बोलते? ती म्हणे, खरं सांगा. आतापर्यंत सारे म्हणाले, तवाचं तवा पाहू. तवाचं तवा मले चालत नाही, मी दुसरं घर पाहातो."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"काय म्हणणार? तिनं माझा हात धरून ठेवला होता. काढत नाही म्हटलं, तवा सोडला." माईनं चाबी माझ्याकडे सरकवली. "एक सांगून ठेवतो. स्टोव्ह मी पेटवून देईन. तुम्ही हात नाही लावाचा."

त्याच दिवशी सामान आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन नळावर गेलो. जन्मात पाणी भरलं नव्हतं. बायांची रांग होती, मी शेवटी उभा राहिलो. एक बाई हसत म्हणे, "नवीन दिसता बाबाजी. घरच्या बाईले नाही पाठवलं?"

"घर तिनं पाहिलं," मी म्हटलं. "मी राहायले आलो."

माझा नंबर आला. मी हंडा नळाखाली लावला.