देवरेकाकांची शिडी

देवरेकाकांकडे शिडी मागायला गेलं की पाऊण तास मोडतो. काका शिडीला नाही म्हणत नाहीत, आजवर कुणालाच म्हणाले नाहीत. पण शिडी असते त्यांच्या घराच्या अगदी मागच्या बाल्कनीत, आणि तिथवर पोचायला अख्खं घर पार करावं लागतं.

आमची सोसायटी नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ. मी तिसऱ्या मजल्यावर, काका पहिल्या. आमच्याकडे घरटी दोन-दोन मिक्सर आहेत, पण शिडी म्हणाल तर अख्ख्या इमारतीत एकट्या काकांकडे. पंखा पुसायचाय, माळ्यावरची परात काढायचीय, की चला काकांकडे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, दारातून घ्यायची आणि निघायचं. काकांनी चपला काढायला लावल्या. हॉलमध्ये कॅरम मांडलेला, सोंगट्या लावून तयार. त्याच्यापुढे एक खुर्ची अशी आडवी ठेवलेली, की तिला वळसा घालण्यापेक्षा तिच्यात बसणं सोपं. मग बोळकंडी, मग स्वयंपाकघर, तिथे गॅसवर चहाचं आधण, आणि मग बाल्कनी. एवढं करून शिडी हातात आली, तर परत येताना फ्रीजपाशी ती वळेना.

"ठेवा इथेच टेकवून. चहा होईस्तोवर बसा. काय घाई शे?" काका मूळचे कळवणचे. एरवी अगदी शहरी बोलतात, पण खूश झाले की 'आहे'च्या जागी हे अहिराणी 'शे' बाहेर पडतं.

"काका, फ्रीज त्या भिंतीला सरकवला तर शिडी सहज निघेल. यांना पाठवू का हात लावायला?"

"नको, नको," काका घाईघाईने म्हणाले. "तो तिथेच बरा आहे."

निघताना दाराजवळच्या स्टुलावर बशीत गावाकडचे भाजलेले शेंगदाणे होते. मूठभर घेतले. खाल्ल्याशिवाय जाणार कोण? ते संपेपर्यंत काका दारात उभे राहून बोलत होते. घरी आले तेव्हा नवरा खुर्चीवर स्टूल चढवून पंखा पुसून मोकळा झाला होता.

काकांची नोकरी कळली तेव्हा मला या सगळ्याचा उलगडा झाला. ते एका मोठ्या रिटेल कंपनीत गोदामात लागले आणि चढत चढत नाशिक-धुळे पट्ट्यातल्या सगळ्या दुकानांचं लेआउट बघायला लागले. म्हणजे कुठली वस्तू कुठे मांडायची ते ठरवायचे.

"दूध कुठे ठेवायचं?" त्यांनी मला विचारलं.

"फ्रीजमध्ये."

"ते झालंच. पण सगळ्यात मागे. दूध सगळ्यांना लागतं ना? मग त्याच्यासाठी आलेला माणूस साबण बघत, बिस्किटं बघत, पायपुसणी चाचपत शेवटपर्यंत चालतो. जे हमखास लागतं ते मागे, आणि जे खपत नाही ते दाराशी. काउंटरजवळ गोळ्या-चॉकलेटं, जाता जाता हात जायला."

मला शेंगदाणे आठवले.

काकांचा एक लाडका प्रश्न आहे, "तुमचा ॲडव्हान्टेज काय?" म्हणजे दुसऱ्याकडे नाही असं तुमच्याकडे काय. इस्त्रीवाल्याला त्यांनी तो विचारला. भाजीवालीला विचारला, तिने त्यांना कोथिंबीर देऊन वाटेला लावलं. माझा भाचा मुलगी बघायला निघाला होता, जिन्यात त्यालाही गाठून विचारला. लग्न त्याच मुलीशी ठरलं, पण भाचा त्या प्रश्नावर अजून विचार करतोय.

आणि एक गोष्ट ते हमखास सांगतात. त्यांच्या दुकानासमोर दुसऱ्या मोठ्या कंपनीने दुकान थाटलं. त्यांनी तेल स्वस्त केलं, यांनी केलं. त्यांनी साखर उतरवली, यांनीही उतरवली. दोघंही खड्ड्यात जायला लागले. मुंबईहून साहेब आले, पडद्यावर आलेख दाखवून गेले. तेव्हा काका म्हणाले, साड्यांच्या विभागात चार खुर्च्या ठेवा.

"खुर्च्या कशाला?" मी विचारलं.

"नवऱ्यांसाठी! नवरा उभा असला की दहा मिनिटांत 'चल, चल' करतो. बसला की डुलकी काढतो, आणि बाई निवांत सगळं दुकान बघते. भाव काय, समोरचा दुपारपर्यंत उतरवतो. खुर्ची सुचायला त्याला वर्ष लागलं."

घरातली आडवी खुर्ची त्याच खुर्च्यांच्या वंशातली.

काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, रविवारी त्याचा फोन येतो. काका त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. फक्त संध्याकाळी खाली भेटले की सांगतात, "आज फुटफॉल बरा होता." दुकानात किती माणसं पाऊल टाकतात, त्याला त्यांच्या धंद्यात फुटफॉल म्हणतात. बरा म्हणजे दोघं येऊन गेले. कुणीच आलं नसलं की म्हणायचे, "आज मार्केट थंड आहे." हे ऐकताना मी हसायचे आणि वर गेल्यावर मला चुटपुट लागायची.

दिवाळीच्या आधी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी सोनवणे म्हणाले, सोसायटीची स्वतःची शिडी घेऊ, वॉचमनच्या केबिनमध्ये राहील, उगाच काकांना त्रास नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काकांकडे बघितलं. हात वर करणारे पहिले तेच होते.

"गिऱ्हाइकाची सोय आधी," ते म्हणाले. "फक्त घ्यायचीच तर रबरी पायांची घ्या. फरशीवर घसरत नाही, अजिबात हलत नाही." वर दुकानाचं नावही सुचवलं.

शिडी आली. त्या दिवाळीत सगळ्या बाल्कन्यांत आकाशकंदील चढले, आणि काकांची बेल कुणी वाजवली नाही. निदान ते मागायला कुणी येईल म्हणून काकांनी ड्रिल मशीन आणून पाहिलं. पण हल्ली मोबाइलवर बोलावलं की माणूसच ड्रिल घेऊन दारात येतो. खाली भेटल्यावर काका फुटफॉलचं काढीनासे झाले. मग खाली यायचेही बंद झाले.

भाऊबीज झाल्यावर मी चकल्या घेऊन गेले. दार उघडलं तर शिडी समोरच, चपलांच्या स्टँडला टेकवलेली. कॅरमवर वर्तमानपत्रांची चळत. खुर्ची भिंतीला. आत बोळकंडीत नजर गेली, फ्रीजही भिंतीला सरकवलेला. बाल्कनीपर्यंतची वाट अगदी मोकळी होती.

"काका, शिडी दारात?"

"खपत नाही ते दाराशी आणायचं," काका म्हणाले. "मागे ठेवून आता फिरवायचं कुणाला?"

ते हसून म्हणाले, पण चकल्या द्यायच्या सोडून मी बोलून गेले, "मी शिडीसाठीच आलेय. माळ्यावरचं काढायचंय."

"खाली आहे की नवी."

"ती डगमगते."

काका माझ्याकडे बघत राहिले. रबरी पाय त्यांनीच सांगितले होते, दुकानही त्यांनीच सुचवलेलं.

"डगमगते?"

"फार डगमगते. चढायची भीतीच वाटते."

काकांनी शिडी उचलून खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "मग जरा बाहेर थांबा." आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी चकल्यांचा डबा धरून जिन्यात उभी. आतून फ्रीज ओढल्याचा आवाज आला. वर्तमानपत्रं उचलल्याचा आला. मग गॅसच्या लायटरचा. सोनवणे जिना उतरत होते, त्यांनी विचारलं, "काका नाहीत का घरी?"

"आहेत ना," मी म्हटलं. "तुम्हीही थांबा, कॅरमला चौथा नसला तरी तिसरा चालेल."

दार उघडलं. काकांनी केस पाण्याने नीट बसवले होते. स्टुलावर शेंगदाण्यांची बशी होती. दोघांना बघून ते क्षणभर गांगरले.

"या," ते म्हणाले. "काय हवं होतं?"

"शिडी."

"मागच्या बाल्कनीत शे," काका म्हणाले. "या आत."